वीसमध्ये एकाच्या यकृतावर व्रण असतात, हे कितपत खरे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, आठ वर्षांपासून मधुमेह, मद्यपान अजिबात नाही. वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहून आले. रक्तातली एंझाइमे एसजीओटी ३९ व एसजीपीटी ३८ आणि प्लेटलेट्स २,१०,००० हे तिन्ही आकडे लॅबने छापलेल्या मर्यादेत आहेत, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांनी ‘काळजीचे कारण नाही, तेलकट कमी करा’ एवढेच सांगितले. त्यानंतर, दर वीस माणसांमागे एकाच्या यकृतावर त्याला पत्ता नसताना व्रण असतात, असे आपल्या वाचनात आले. हा आकडा खरा आहे का, आणि असेल तर रिपोर्ट नॉर्मल असलेल्या माणसाने तो कितपत मनावर घ्यावा, असे आपण विचारले आहे.

आकडा खोटा नाही. पण तो व्रण असलेल्या माणसांचा नसून, एका यंत्रावर ठरावीक रेघ ओलांडणाऱ्या माणसांचा आहे, आणि या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. शिवाय आपल्यापुरता खरा प्रश्न सर्वसाधारण लोकसंख्येत किती हा नाहीच. मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण किती, आणि ज्या तपासण्यांच्या भरवशावर आपल्याला निश्चिंत राहायला सांगितले गेले त्या तपासण्यांना व्रण दिसतात तरी का, हे आपण विचारायला हवे. यकृताच्या रुग्णांचीच ओपीडी चालवताना मला रोज दिसते की पहिल्या आकड्याने लोक घाबरतात आणि हा दुसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

आधी मोजायचे काय आहे ते पाहू. यकृताच्या पेशींना वर्षानुवर्षे इजा होत राहिली, मग ती चरबीमुळे असो, दारूमुळे असो किंवा हिपॅटायटिस बी अथवा सीच्या विषाणूमुळे, की तिथल्या स्टेलेट पेशी, ज्या एरवी अ जीवनसत्त्व साठवून स्वस्थ पडलेल्या असतात, त्या रूप बदलतात आणि कोलॅजनचे तंतू तयार करू लागतात. हे तंतू साठत जाणे म्हणजे फायब्रोसिस, आणि ‘व्रण’ म्हणतात ते यालाच. त्याच्या पायऱ्या एफ० ते एफ४ अशा मोजल्या जातात. एफ१ बऱ्याच जणांत आढळतो आणि त्याने सहसा काही बिघडत नाही. एफ२पासून आम्ही गांभीर्याने घेतो, एफ३ला पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस म्हणतो आणि एफ४ म्हणजे सिऱ्होसिस, व्रण यकृतभर पसरलेली शेवटची पायरी. ‘व्रण’ म्हणताना बातमी लिहिणाऱ्याच्या मनात यातली कोणती पायरी होती हे कळल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही, कारण एफ१ धरून मोजले तर आकडा फुगतो आणि फक्त एफ४ मोजले तर तो शेकड्यात एखाद्यावर किंवा त्याच्याही खाली येतो.

आता तो आकडा कुठून येतो ते सांगतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ४५ वर्षांवरील रहिवाशांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या सुमारे ३,००० जणांच्या यकृताचा ताठरपणा फायब्रोस्कॅन या यंत्राने मोजला गेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ५.६ टक्के लोक ८ किलोपास्कल (ताठरपणाचे एकक) किंवा त्याहून वर निघाले. ‘वीसमध्ये एक’ ही भाषा अशाच अभ्यासांतून येते. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र बातम्यांत क्वचितच येतो: ज्यांना मधुमेहही होता आणि फॅटी लिव्हरही, त्यांच्यात हे प्रमाण १७.२ टक्के होते, म्हणजे साधारण सहांत एक. अर्थात त्या मंडळींचे सरासरी वय ६६ होते आणि आपण ४६चे आहात, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलून आपल्याला चिकटवता येणार नाही. दिशा मात्र त्यातून स्पष्ट होते.

बार्सिलोना परिसरात २०१८ साली प्रसिद्ध झालेले काम मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या यादीतून १८ ते ७५ वयोगटातले, यकृताचा कुठलाही आजार माहीत नसलेले ३,००० हून अधिक लोक घेतले गेले. रेघ ६.८ किलोपास्कलवर ओढली तर ९ टक्के लोक तिच्यावर होते, ८ वर ओढली तर ५.८ टक्के आणि ९ वर ओढली तर ३.६ टक्के. माणसे तीच होती आणि यंत्रही तेच होते, तरी रेघ २.२ एककांनी सरकवताच ‘न कळलेला आजार’ निम्म्याहून कमी झाला. म्हणून कुणी मला नुसती टक्केवारी सांगितली की मी आधी रेघ कुठे होती ते विचारतो.

फायब्रोस्कॅन नेमके काय करतो हे कळले की यातला बराच गोंधळ मिटतो. रुग्णाला पाठीवर निजवून उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि उजव्या बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात. प्रोब हलकीशी टिचकी मारतो, त्या टिचकीने यकृतात एक लहर उठते, आणि ती जितक्या वेगाने पुढे सरकते तितके यकृत ताठर मानले जाते. अशी किमान दहा मोजमापे घेऊन मधले मूल्य रिपोर्टवर येते. म्हणजे यंत्राला ताठरपणा कळतो, त्यामागचे कारण कळत नाही. पोटभर जेवून तपासणीला आलात तर यकृतातला रक्तप्रवाह वाढून आकडा चढतो, म्हणून किमान तीन तास उपाशी राहायला सांगतात. हृदयाच्या विकारामुळे यकृतात रक्त तुंबले असेल, नुकतीच कावीळ होऊन गेली असेल, पित्तनलिका अडली असेल किंवा आदल्या काही दिवसांत भरपूर दारू झाली असेल, तर व्रण नसतानाही आकडा वर जातो. रिपोर्टवर आयक्यूआर या नावाने, मोजमापांतली आपसातली तफावत दाखवणारी एक टक्केवारी छापलेली असते. ताठरपणा ७ किलोपास्कलच्या वर असून ही टक्केवारी ३० च्या वर असेल, तर मी तो रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि तपासणी पुन्हा करायला सांगतो. आरोग्य शिबिरांतले बरेच रिपोर्ट तर उपाशीपोटीच्या कसोटीवरच गळतात, कारण तिथे दुपारच्या जेवणानंतरही माणसे रांगेत उभी असतात.

याचा परिणाम आकडेमोडीवर कसा होतो ते समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. समजा सरसकट १,००० माणसांत खरोखर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असलेली २० आहेत. चाचणी चांगली आहे: २० पैकी १८ जणांना पकडते आणि उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी फक्त ५ टक्क्यांना, म्हणजे ४९ जणांना, चुकून पकडते. रेघेवर एकूण ६७ माणसे आली. बातमीत ‘शंभरात जवळपास सात’ असे छापून येईल, पण त्यातला खरा आजार जेमतेम चौथ्या हिश्श्याचा आहे. आता हीच चाचणी अशा १,००० जणांवर वापरा, ज्यांच्यात १५० जणांना खरा आजार आहे, समजा दीर्घकाळ मधुमेह आणि फॅटी लिव्हर असलेल्यांवर. १३५ खरे पकडले जातील, चुकून पकडलेले ४३च्या आसपास असतील, म्हणजे रेघेवरच्या चार माणसांपैकी तिघांना खरोखर आजार असेल. चाचणी बदललेली नाही, ती कुणावर केली ते बदलले. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे, आणि सरसकट सगळ्या लोकसंख्येची तपासणी करा असे कुठलीही मोठी संस्था न सांगता मधुमेही, स्थूल आणि मद्यपान करणाऱ्यांत शोधा असे जे सांगते, त्यामागचे हिशेबही असेच आहेत.

भारताबद्दल बोलताना आणखी जपून बोलावे लागते. आपल्याकडे फॅटी लिव्हरचे आकडे भरपूर आहेत, पण समाजातल्या सर्वसाधारण माणसांत फायब्रोसिस किती याची मोजणी युरोपच्या मानाने कमी झाली आहे. फॅटी लिव्हरवरच्या भारतीय अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांमधले प्रमाण ३८.६ टक्के निघाले. पण त्यातही समाजात जाऊन केलेल्या अभ्यासांत ते २८ टक्क्यांच्या आसपास होते आणि रुग्णालयांत केलेल्या अभ्यासांत ४१ टक्क्यांच्या जवळ. दवाखान्यात बसून समाजाचा अंदाज बांधला की तो असा फुगतो, आणि यात मी स्वतःलाही धरतो. माझ्यासमोर येणाऱ्यांत फायब्रोसिस सर्रास दिसतो, पण माझ्याकडे पाठवलेच जातात ते निवडून.

याच्या उलट टोकाचा पुरावा पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातून २०१० साली आला. तिथल्या ग्रामीण, बहुतांशी सडपातळ आणि कष्टकरी लोकांत फॅटी लिव्हरचे प्रमाण ८.७ टक्के होते आणि कारण न सापडलेला सिऱ्होसिस ०.२ टक्के. आकडे लहान आहेत खरे, पण ज्यांना फॅटी लिव्हर होते त्यांच्यातल्या चौघांपैकी तिघांचा बीएमआय २५ च्या आत होता. ‘मी काही जाड नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून अनेकदा ऐकतो आणि दर वेळी मला बीरभूम आठवते. आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा कमरेची पट्टी जास्त खरे बोलते: पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की तो धोक्यात धरावा. त्यात आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणाच्या २०२३ सालच्या निष्कर्षांप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हे सगळे एकत्र धरता माझा अंदाज असा की शहरातल्या मध्यमवयीन लोकांपुरता युरोपचा आकडा आपल्याकडेही फारसा चुकणार नाही, तरुण वर्गात आणि कष्टकरी ग्रामीण भागात तो बराच खाली असेल, आणि मधुमेहींत तो निश्चितच अनेक पटींनी वर असेल. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

आता आपल्याला ज्यांनी दिलासा दिला त्या तपासण्यांकडे वळू. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीतले एंझाइम असून पेशीला आज इजा होत असेल तर ते रक्तात पाझरते. व्रण हा मात्र गेल्या दहा-वीस वर्षांच्या इजेचा साठा असतो. त्यामुळे फायब्रोसिस पुढच्या टप्प्यात पोचलेल्या अनेकांची एसजीपीटी लॅबच्या मर्यादेत असते, आणि सिऱ्होसिसमध्ये तर ती पूर्वीपेक्षा कमी झालेलीही दिसते. लॅबने छापलेली वरची मर्यादा हीसुद्धा बहुतेक ठिकाणी सैल आहे. आजार नसलेल्या लोकांचा नीट अभ्यास करून सुचवलेल्या मर्यादा तिच्यापेक्षा बऱ्याच खाली येतात.

सोनोग्राफीच्या बाबतीत गैरसमज वेगळा आहे. ‘ग्रेड १’ हा चरबीचा ग्रेड आहे. त्याचा फायब्रोसिसच्या एफ१शी काहीही संबंध नाही. ग्रेड ३ असूनही यकृत मऊ असलेली माणसे आहेत आणि ग्रेड १ असताना एफ३ असलेलीही आहेत. सिऱ्होसिस जसजसा वाढतो तसतशी चरबी ओसरू लागते, त्यामुळे ‘ग्रेड २वरून ग्रेड १वर आलो’ म्हणून पेढे वाटण्याआधी फायब्रोसिसचे काय झाले ते पाहावे. साध्या सोनोग्राफीला व्रण दिसतात ते यकृताचा पृष्ठभाग खडबडीत झाल्यावर किंवा प्लीहा (स्प्लीन) वाढल्यावर, म्हणजे फार उशिरा.

यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणात असतात. म्हणून पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी किंवा कावीळ हेच अनेकांच्या बाबतीत पहिले लक्षण ठरते. त्याआधी एक खूण बऱ्याचदा डोळ्यांसमोरून जाते. पावसाळ्यात ताप येतो, प्लेटलेट्स ९०,००० येतात, डेंग्यू समजून उपचार होतात, ताप उतरतो आणि माणूस घरी जातो. दिवाळी उलटून गेली तरी प्लेटलेट्स लाखाच्या आतच घुटमळत असतील, तर तो डेंग्यूचा परिणाम मानून सोडून देऊ नये. सिऱ्होसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढून प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात, शिवाय त्या तयार करायला लावणारे यकृतातले संप्रेरकही कमी पडते.

याच तर्कावर बेतलेली फिब-४ नावाची साधी आकडेमोड आहे. तिला वेगळी तपासणी लागत नाही, आपल्याकडे असलेले रिपोर्ट पुरतात. वय गुणिले एसजीओटी हे वर ठेवा. खाली प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ ठेवा. प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे २,१०,००० ऐवजी २१०. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये लोक लाखातला २.१ टाकतात आणि शंभरपट मोठे उत्तर पाहून घाबरून फोन करतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपले गणित असे होते: ४६ गुणिले ३९ म्हणजे १,७९४. ३८ चे वर्गमूळ ६.१६, गुणिले २१० म्हणजे सुमारे १,२९४. उत्तर आले १.३९.

हे उत्तर १.३ च्या आत असते तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस असण्याची शक्यता फारच कमी आहे असे सांगून मी थांबलो असतो. २.६७ च्या वर असते तर थेट यकृततज्ज्ञाकडे पाठवले असते. आपले उत्तर मधल्या पट्ट्यात, तेही खालच्या काठाशी आहे. तिन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर नॉर्मल आणि एकत्र मांडले तर प्रश्नचिन्ह, अशी ही स्थिती आहे. या पट्ट्यातल्या बहुतेकांना पुढच्या तपासणीत गंभीर काही निघत नाही, हेही तितकेच खरे आहे. वयाच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावी लागतात: पस्तिशीच्या आत ही आकडेमोड भरवशाची नाही, आणि ६५ च्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरावी, नाहीतर प्रत्येक आजोबा रुग्ण ठरतील.

तेव्हा आपण फायब्रोस्कॅन करून घ्यावा असे माझे मत आहे. घाबरून नव्हे, तर मधुमेह, फॅटी लिव्हर आणि १.३ च्या वरचा फिब-४ हे तिन्ही एकत्र आल्यामुळे. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ताठरपणा ८ किलोपास्कलच्या आत आला, तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस नाही असे धरून मधुमेहामुळे दर एक-दोन वर्षांनी फिब-४ काढत राहावे. ८ ते १२ मध्ये आला तर लगेच निष्कर्ष न काढता काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. त्याच्या वर आला, किंवा दोन तपासण्यांची उत्तरे परस्परविरोधी आली, तर यकृततज्ज्ञ एमआर इलास्टोग्राफी (एमआरआय यंत्रावर ताठरपणा मोजणे) किंवा बायोप्सी (सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणे) यांचा विचार करतील, आणि तो निर्णय मी लांबून देणे योग्य नाही. त्याच वेळी हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही या रक्ताच्या दोन तपासण्या एकदा करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या अहवालानुसार भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना हिपॅटायटिस सी आहे, आणि फॅटी लिव्हरचे निदान एकदा कागदावर आले की विषाणू शोधायचे राहून जाते. जुलै २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

समजा व्रण निघाले, तर? चरबीमुळे होणाऱ्या आजारात पुन्हा पुन्हा बायोप्सी केलेल्या रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात, नुसती चरबी असलेल्यांना एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षे आणि चरबीबरोबर दाह असलेल्यांना सरासरी ७ वर्षे लागलेली दिसली. काही जण याहून झपाट्याने चढतात, पण बहुतेकांच्या हातात वेळ असतो. व्रण मागेही हटतात. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी आणि नंतर बायोप्सी केली गेली, तेव्हा वजन १० टक्के किंवा जास्त उतरवलेल्यांपैकी ४५ टक्के जणांचा फायब्रोसिस कमी झाला होता. इतके वजन उतरवणारे मात्र थोडेच होते, हेही सांगायला हवे. एफ२ आणि एफ३ साठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली आहे. आपल्याला मधुमेह असल्याने सेमाग्लुटाइडबद्दल आपल्या मधुमेहतज्ज्ञांशी बोलता येईल. ‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काढ्यांपासून मात्र दूर राहा. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले, ते विसरू नये.

तपासणीला जाताना गेल्या काही वर्षांतले रक्ताचे सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यातल्या प्लेटलेट्स एकाखाली एक लिहून दाखवा. आजच्या २,१०,००० वर मी फारसा थांबणार नाही. पण पाच वर्षांपूर्वी त्या ३,१०,००० असतील आणि दर वर्षी थोड्या थोड्या घसरत आल्या असतील, तर फायब्रोस्कॅनसाठी पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत थांबू नये.